गिटार शिकताना : उपजत देणगी, रियाज आणि अपेक्षांचे गणित

कोल्हापुरात 'तालीम' या शब्दाला दोन अर्थ आहेत. लाल मातीत मल्ल घडतो ती तालीम आणि गुरूपुढे बसून गवई विद्या घेतो तीही तालीम. कुस्ती आणि गाणे या दोन्ही कलांना राजाश्रय देणाऱ्या या शहरात आता गिटार शिकणाऱ्यांची संख्याही लक्षणीय आहे. शाळकरी मुले, महाविद्यालयीन तरुण, नोकरी सांभाळून हौस भागवू पाहणारे प्रौढ आणि निवृत्तीनंतर वाद्याकडे वळणारे ज्येष्ठ असे सर्व वयोगट त्यात आढळतात. या सर्वांच्या मनात पहिल्या महिन्यातच एक प्रश्न डोकावतो : 'आपल्यात मुळात ते आहे का?'

हा प्रश्न वरवर साधा असला, तरी त्याच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून असते. 'मुलाला हात नाही' असे ठरवून पालक शिकवणी बंद करतात, तर 'मुलगा असामान्य आहे' असे मानून काही जण दहावी-बारावीच्या अभ्यासावरही पाणी सोडायला तयार होतात. दोन्ही निर्णय बहुधा घाईचे असतात. अमेरिकेतील फेंडर या गिटार बनविणाऱ्या कंपनीचे तत्कालीन प्रमुख अँडी मूनी यांनी सांगितलेल्या अंदाजानुसार, नव्याने गिटार हाती घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक पहिल्या वर्षभरातच ती बाजूला ठेवतात. इतक्या मोठ्या संख्येने माणसे गुणहीन असणे संभवत नाही. वाद्याचे स्वरूप, रियाजाची पद्धत आणि बाळगलेली अपेक्षा यांचा मेळ न बसणे, हे त्यामागचे अधिक पटणारे कारण आहे.

वाद्य समजून घेताना

नवशिक्याची पहिली गल्लत वाद्याच्या निवडीपासूनच सुरू होते. गिटारचे ढोबळमानाने दोन संप्रदाय आहेत. डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबून वाजविली जाते ती स्पॅनिश गिटार, तर मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी सरकवीत वाजविली जाते ती हवाईयन गिटार. हिंदुस्थानी रागसंगीत प्रामुख्याने दुसऱ्या पद्धतीने रुजले, कारण कांडीमुळे गायकीतील मींड वाद्यावर काढता येते. ब्रिजभूषण काब्रा यांनी १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह केलेले 'कॉल ऑफ द व्हॅली' हे ध्वनिमुद्रण किंवा विश्वमोहन भट यांना १९९४ मध्ये राय कूडर यांच्यासमवेत मिळालेला ग्रॅमी पुरस्कार ही या परंपरेची ठळक उदाहरणे होत. आज वर्गांमधून शिकविली जाते ती मात्र बहुतांशी स्पॅनिश गिटार. ती गाण्याला कॉर्ड्सची साथ देण्यासाठी उत्तम असली, तरी तिच्या स्थिर पडद्यांवर रागातील मींड सहजासहजी येत नाही. तारा ओढून ती काही अंशी साधता येते, इतकेच. घरात अभंग आणि नाट्यगीते ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्याने हा फरक आधीच जाणून घेतल्यास पुढील निराशा टळते.

स्पॅनिश गिटारमध्येही नायलॉनच्या तारांची क्लासिकल, पोलादी तारांची अकूस्टिक आणि इलेक्ट्रिक असे प्रकार आहेत. नायलॉनच्या तारा बोटांना मऊ लागतात, पण त्या गिटारची मान रुंद असते. अकूस्टिक गिटारची मान पहिल्या पडद्यापूर्वीच्या पट्टीपाशी साधारण ४३ मिलिमीटर रुंद असते, तर क्लासिकलची सुमारे ५२ मिलिमीटर. लहान मुलांसाठी तीन-चतुर्थांश आकाराचे वाद्य अधिक सोयीचे ठरते.

तारा आणि पडद्यांची पट्टी यांतील अंतर हा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा होय. बाराव्या पडद्यापाशी हे अंतर अकूस्टिक गिटारवर साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असावे. ते बरेच अधिक असेल, तर तार दाबायला दुप्पट जोर लागतो, बोटे दुखतात आणि सूरही चढा लागतो. हा दोष वाद्याचा असतो, परंतु त्याचे खापर विद्यार्थ्याच्या 'नसलेल्या हाता'वर फोडले जाते. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलोपर्यंत असतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकूड दमट हवा शोषून घेते, वाद्याचा आकार किंचित बदलतो आणि तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात. जून ते सप्टेंबर या काळात गिटार भिंतीला टांगून न ठेवता पेटीत ठेवणे, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसणे आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून वाद्य तपासून घेणे, एवढी काळजी पुरेशी असते.

बोटे, कान आणि हात

'माझी बोटे आखूड आहेत' ही तक्रार सर्रास ऐकू येते. वस्तुतः बोटांच्या लांबीपेक्षा अंगठ्याची जागा, मनगटाचा कोन आणि तार दाबण्याचे नेमके ठिकाण यांना अधिक महत्त्व आहे. तार पडद्याच्या लगत दाबल्यास कमी जोरात स्वच्छ स्वर येतो, तर दोन पडद्यांच्या मधोमध दाबल्यास ती खरखरते. युरोपातील जॅझ संगीतात अजरामर झालेल्या जँगो राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका १९२८ मधील आगीत निकामी झाली होती. उरलेल्या बोटांना अनुरूप अशी स्वतःची वादनपद्धती त्यांनी घडविली. असे उदाहरण अपवादात्मक असते. मात्र हाताची ठेवण हा अखेरचा निकाल नसतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

कानाविषयीही असाच गैरसमज आहे. स्वरांचा चढ-उतार जन्मतःच न कळणे ही अवस्था खरोखर अस्तित्वात आहे. इझाबेल पेरेत्झ आणि डॉमिनिक वूवान या संशोधकांच्या २०१७ मधील अभ्यासात तिचे प्रमाण सुमारे दीड टक्का आढळले. म्हणजे शंभरातील अठ्ठ्याण्णव जणांना 'आपण सुराला बहिरे आहोत' असे समजण्याचे कारण नाही. त्यांचा कान केवळ न घडलेला असतो. शिवाय गिटारचे पडदे स्थिर असल्याने व्हायोलिनप्रमाणे प्रत्येक स्वराची जागा कानाने शोधावी लागत नाही. वाद्य नीट सुरात लावलेले असले, की स्वर जवळजवळ आपोआप योग्य येतो. नवशिक्याच्या दृष्टीने ही मोठीच सवलत आहे.

मग उपजत देणगी असे काही नसतेच का? असते. काही मुले लय चटकन पकडतात, काहींच्या स्मरणात चाल एकदा ऐकून बसते, काहींची बोटे एकमेकांपासून सहज वेगळी हालतात. एकाच वर्गात, एकाच शिक्षकाकडे, सारखाच वेळ घालवूनही दोन विद्यार्थ्यांच्या प्रगतीत अंतर पडते, हे कोणताही प्रामाणिक शिक्षक मान्य करील. प्रश्न देणगीच्या अस्तित्वाचा नसून, ती कोणत्या टप्प्यावर निर्णायक ठरते, हा आहे.

दहा हजार तासांचे मिथक

रियाजाविषयीच्या चर्चेत 'दहा हजार तास' हा आकडा हमखास येतो. त्याचा उगम १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिन विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात आहे. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाचा एकट्याने केलेला सराव सरासरी ७,४१० तास, त्याखालील गटाचा ५,३०१ तास आणि संगीतशिक्षक होऊ इच्छिणाऱ्या गटाचा ३,४२० तास होता. सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत सुमारे दहा हजारांचा पल्ला गाठला होता. माल्कम ग्लॅडवेल यांच्या 'आउटलायर्स' या २००८ मधील पुस्तकाने हा आकडा जगभर पोहोचविला, परंतु त्याचे रूपांतर एका नियमात झाले. दहा हजार ही केवळ सरासरी होती, प्रभुत्वाची हमी नव्हे, असा खुलासा एरिक्सन यांना पुढे करावा लागला.

त्यानंतरच्या संशोधनाने चित्र अधिक स्पष्ट केले. ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला, तेव्हा संगीतातील कौशल्याच्या फरकांपैकी सुमारे २१ टक्के फरकाचा उलगडा सरावाने होतो, असे दिसले. २०१९ मध्ये व्हायोलिनचाच प्रयोग नव्याने केला असता, कमी पारंगत विद्यार्थ्यांचा सराव खरोखरच कमी आढळला. सर्वोत्तम आणि उत्तम या दोन गटांच्या सरावात मात्र लक्षणीय अंतर नव्हते. उरलेला सर्व भाग उपजत देणगीचा, असा अर्थ यातून काढणे चुकीचे आहे. सुरुवातीचे वय, शिक्षकाची गुणवत्ता, घरातील वातावरण, स्मरणशक्ती आणि सरावाचा दर्जा अशा अनेक गोष्टी त्यात सामावलेल्या असतात.

सामान्य विद्यार्थ्यासाठी या संशोधनाचा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. सरावाशिवाय वरच्या पायरीवर कोणी पोहोचत नाही, मात्र अगदी शिखरावर कोण उभा राहील, हे केवळ सरावाने ठरत नाही. आणि बहुतेकांना शिखरावर जायचेच नसते. घरच्या मैफलीत चार गाणी सफाईने वाजविता यावीत, एवढीच त्यांची इच्छा असते. तिथवरच्या वाटेवर देणगीपेक्षा नियमितपणाच अधिक कामी येतो.

कोल्हापूरच्या परंपरेचा दाखला

या शहराच्या संगीत परंपरेत याचे दाखले विपुल आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात स्थिरावलेले उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५ ते १९४६) हे गवयांच्याच घराण्यात जन्मले होते. अर्थात, देणगी आणि वारसा दोन्ही त्यांच्याकडे होते. तरीही राजस्थानातील एका दरबारात असताना अतिगायनामुळे त्यांचा आवाज बिघडला आणि पूर्वीचे गाणे गळ्यातून निघेनासे झाले. बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने बांधली आणि तीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख बनली. अमाप रियाजही अविचाराने केल्यास अंगाशी येतो आणि मर्यादेचा स्वीकार केल्यास तीच मर्यादा शैली ठरू शकते, असे दोन्ही धडे या एका आयुष्यात आहेत.

त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची खाँसाहेबांकडील तालीम १९२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि त्यापूर्वी अन्य गुरूंकडे शिकलेल्या होत्या. पंडित मल्लिकार्जुन मन्सूर हेही ग्वाल्हेर गायकीची तालीम घेतलेले, नावारूपाला आलेले गायक असताना खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ यांच्यापुढे आणि १९३७ मध्ये मंजी खाँ यांच्या निधनानंतर त्यांचे बंधू भुर्जी खाँ यांच्यापुढे पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. ज्यांच्या प्रतिभेविषयी कोणालाच शंका नव्हती, त्यांनीही शिकणे संपले असे मानले नाही.

कुस्तीच्या तालमीचा दाखला याहून बोलका आहे. कोल्हापुरात घडलेले श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले. तथापि, तालमीत घुमणारा प्रत्येक पोरगा हिंदकेसरी व्हावा, अशी अपेक्षा कोणी वस्ताद ठेवत नाही. गदा न मिळालेल्या शेकडो मल्लांचे शरीर, शिस्त आणि जिद्द ही तालमीचीच कमाई मानली जाते. वाद्य शिकणाऱ्यांच्या बाबतीत मात्र हा समंजसपणा कमी पडतो. मंचावर न पोहोचलेले शिक्षण वाया गेले, असा हिशेब तेथे मांडला जातो.

पहिल्या तीन वर्षांत काय अपेक्षावे?

रोज अर्धा तास सराव केल्यास वर्षाला सुमारे १८२ तास होतात. आठवड्यातून तीनच दिवस वाद्य हाती घेतल्यास ७८ तास, तर केवळ शिकवणीच्या साप्ताहिक तासावर विसंबल्यास अवघे ५२ तास. रोज अर्ध्या तासाच्या गतीने दहा हजार तास भरायला जवळपास ५५ वर्षे लागतील. त्यामुळे समाजमाध्यमांवरील दहा वर्षांच्या मुलाच्या वादनाशी स्वतःची तुलना करण्यापूर्वी, त्यामागचे तास मोजणे इष्ट. नियमित सराव गृहीत धरल्यास सर्वसाधारण विद्यार्थ्याची वाटचाल पुढीलप्रमाणे असते :

- पहिला महिना : बोटांची टोके दुखतात आणि दोन ते चार आठवड्यांत तेथील कातडी निबर होते. या काळात एकेक तार स्वच्छ वाजविणे आणि वाद्य सुरात लावणे एवढेच उद्दिष्ट पुरेसे आहे.

- दुसरा ते सहावा महिना : सात-आठ मोकळ्या कॉर्ड्स हाती येतात. खरी कसोटी कॉर्ड धरण्याची नसून ती बदलण्याची असते. एका मिनिटात दोन कॉर्ड्समध्ये किती वेळा अदलाबदल होते, हे मोजावे. तीसपर्यंत मजल गेली, की सोपे गाणे वाजविता येते. साठ झाली, की हात मोकळा झाला असे समजावे.

- सहा महिने ते एक वर्ष : एका बोटाने सर्व तारा दाबाव्या लागणारी 'एफ'सारखी बार कॉर्ड येथे वाट अडवून उभी असते. ती साधायला अनेकांना काही महिने लागतात. वाद्य सोडण्याचे प्रमाण याच टप्प्यावर वाढते. प्रत्यक्षात हा अडथळा जोराचा नसून सवयीचा असतो.

- दुसरे आणि तिसरे वर्ष : गाता गाता वाजविणे, बोटांनी स्वतंत्र तारा छेडणे, साधी चाल ऐकून काढणे आणि इतरांबरोबर लय सांभाळणे जमू लागते. देणगीतील फरक ठळकपणे दिसू लागतो तो साधारण येथून पुढे.

परीक्षांच्या रचनेतही हाच धीमेपणा अभिप्रेत आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचा प्रारंभिक ते विशारद हा क्रम साधारण सात वर्षांचा आहे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गिटार परीक्षांमध्ये आठ श्रेणी आहेत. कोणत्याही परंपरेने एका वर्षात वादक घडविण्याचे आश्वासन दिलेले नाही. 'तीन महिन्यांत गिटार शिका' अशी जाहिरात वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

रियाज : किती आणि कसा?

आठवड्यातून एकदा सलग साडेतीन तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बसणे अधिक लाभदायक, कारण शिकलेली हालचाल मेंदूत पक्की होण्यासाठी मध्ये विश्रांती आणि झोप यांची गरज असते. अर्ध्या तासातील पहिली पाच मिनिटे बोटे मोकळी करण्यासाठी, पुढील दहा मिनिटे नेमक्या एका अडचणीसाठी, त्यानंतरची दहा मिनिटे चालू असलेल्या गाण्यासाठी आणि शेवटची पाच मिनिटे मनाजोगे वाजविण्यासाठी, अशी विभागणी उपयुक्त ठरते.

गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत वारंवार वाजविणे हा सराव नव्हे. त्यात येते तेच पुन्हा वाजते आणि चुकते तेच पुन्हा चुकते. जेथे हात अडतो त्या दोन मात्रा वेगळ्या काढून, लय निम्म्याने कमी करून त्या घोटल्या पाहिजेत. शास्त्रोक्त गायनात विलंबित लयीतील पलटे ज्या कारणासाठी घोटून घेतले जातात, तेच कारण येथेही लागू पडते. ठेका देणारे मेट्रोनोम आता मोबाइलवर उपलब्ध आहे. महिन्यातून एकदा स्वतःचे वादन ध्वनिमुद्रित करून ठेवल्यास, रोजच्या रोज न जाणवणारी प्रगती सहा महिन्यांनी स्पष्ट ऐकू येते.

मनगटात किंवा कोपरात वेदना होत असल्यास मात्र थांबावे. बोटांच्या टोकांची आग स्वाभाविक असते, सांध्यांची वेदना नव्हे. ती टिकून राहिल्यास वैद्यकीय सल्ला घेणे श्रेयस्कर.

पालक आणि प्रौढ विद्यार्थ्यांसाठी

मुलांच्या बाबतीत सात-आठ वर्षांपर्यंत बोटांची ताकद मर्यादित असते. त्याआधी गाणे, टाळ्यांनी लय धरणे आणि भरपूर ऐकणे हीच उत्तम पूर्वतयारी होय. 'हात आहे की नाही' याचा निकाल पहिल्या वर्षात लावू नये. त्याऐवजी मूल न सांगता वाद्य हाती घेते का, चुकलेली जागा स्वतःहून पुन्हा वाजवते का, याकडे लक्ष द्यावे. ही ओढ म्हणजेच बऱ्याचदा ज्याला देणगी म्हणतात तिचे पहिले रूप असते. स्वीडनमधील दहा हजारांहून अधिक जुळ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात सराव करण्याची प्रवृत्तीही बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्याचे आढळले. तेव्हा सक्तीने करविलेले तास आणि ओढीने केलेले तास यांची तुलना करता येत नाही.

प्रौढांना बोटे वळायला थोडा अधिक वेळ लागतो, पण आपल्याला काय हवे आहे, हे त्यांना ठाऊक असते आणि सूचना चटकन समजतात. त्यांची खरी अडचण वयाची नसून वेळेची असते. वाद्य कपाटात बंद न ठेवता पावसाळा वगळता नजरेसमोर स्टँडवर ठेवणे, हा साधा उपायही सराव वाढवितो.

गिटारवर चरितार्थ चालविण्याची इच्छा असणाऱ्यांनी तो व्यवसाय नीट समजून घ्यावा. मंचावरील एकल वादन हा त्याचा लहानसा भाग. शिकवण्या, वाद्यवृंद, ध्वनिमुद्रणातील साथ, नाटकांचे पार्श्वसंगीत अशा अनेक कामांतून मिळकत एकत्र होते. तेथे चमकदार बोटांइतकेच वेळेवर हजर राहणे, स्वरलिपी वाचणे आणि दुसऱ्याचे ऐकून वाजविणे यांना मोल असते. हे गुण जन्मजात नसून कमावलेले असतात. शिक्षण सुरू ठेवून ही वाट चोखाळता येते आणि तसे करण्यात कलेशी कोणतीही प्रतारणा नाही.

थोडक्यात, 'आपल्यात ते आहे का' या प्रश्नाचे उत्तर पहिल्या महिन्यात कोणालाच देता येत नाही, शिक्षकालाही नाही. रोजचा अर्धा तास निघतो का, वाद्य नीट जुळवलेले आहे का आणि पुढच्या सहा महिन्यांत नेमके काय साधायचे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र आजच देता येतात. ती देऊन दोन वर्षे टिकून राहणाऱ्यास देणगी किती मिळाली होती, हे पुढे कळेलच. तोवर चार गाणी निश्चित हाती आलेली असतील.